कर्कटकाचं टोक कुठं ठेवायचं?
इटलीच्या हवाई तळांची गोष्ट

इटलीचा नकाशा मुलांच्या लक्षात राहावा म्हणून शिक्षकाला फारसे कष्ट पडत नाहीत. भूमध्य समुद्रात खाली सोडलेला उंच टाचेचा बूट आणि त्याच्या चवड्यासमोर सिसिली बेट, एवढं सांगितलं की काम झालं. वरच्या बाजूला आल्प्स पर्वताची भिंत, उजवीकडे बाल्कन देश, आणि खाली समुद्र ओलांडला की आफ्रिका.

या बुटावर जागोजागी लष्करी हवाई तळ आहेत. ते नेमके तिथंच का, आणि एकाच तळाचं काम पन्नास-साठ वर्षांत इतकं का बदलत जातं, हे दोन प्रश्न घेऊन आपण या नकाशाकडे पाहणार आहोत. हा इतिहास युद्धांचा आहे, पण तो समजायला लागणारं गणित आणि भूगोल शाळेतलाच आहे. शेजारी युरोपचा नकाशा आणि कर्कटक घेऊन बसलात तर जास्त बरं.

पल्ला म्हणजे वर्तुळ

विमानाला गेलेल्या ठिकाणाहून परत यायचं असतं. त्यामुळे टाकीतल्या इंधनावर ते जेवढं अंतर कापेल, त्याच्या निम्म्याहूनही कमी अंतरावर जाऊन त्याला मागं फिरावं लागतं, कारण वाऱ्यासाठी, वळसा घेण्यासाठी आणि अडचणीच्या वेळेसाठी थोडं इंधन राखून ठेवावं लागतं. हे अंतर त्रिज्या धरून तळाभोवती वर्तुळ काढलं की त्या तळाचा पल्ला दिसतो. त्रिज्या दुप्पट झाली तर क्षेत्रफळ चौपट होतं. म्हणून पल्ल्यातली थोडीशी वाढही नकाशावर फार मोठी दिसते.

सुरुवातीला ही वर्तुळं अगदी लहान होती. एप्रिल १९०९मध्ये विल्बर राइट आपलं विमान घेऊन रोमला आला आणि शहराजवळच्या चेंतोचेल्ले इथल्या मोकळ्या माळावर त्यानं उड्डाणं केली, इटालियन अधिकाऱ्यांना विमान चालवायला शिकवलं. या माळावरची उड्डाणं माळाभोवतीच घिरट्या घालत. दोन वर्षांनी, १९११मध्ये, इटलीनं लिबियासाठी तुर्कांशी युद्ध पुकारलं. सिसिलीचा दक्षिण किनारा ते त्रिपोली हे अंतर पावणेपाचशे किलोमीटरच्या आसपास आहे. तेवढा समुद्र उडून ओलांडणं त्या वेळच्या विमानांच्या आवाक्यात नव्हतं. म्हणून विमानं जहाजावर चढवून त्रिपोलीला नेली, तिथं जमीन सपाट करून घेतली आणि तिथून ती उडवली. १ नोव्हेंबर १९११ रोजी ज्युलिओ गाव्होत्ती या वैमानिकानं दीड-दोन किलोचे चार हातबाँब विमानातून खाली टाकले. विमानातून बाँब टाकल्याची इतिहासातली ही पहिली नोंद. पल्ला कमी असला की तळच उचलून शत्रूजवळ न्यावा लागतो, हा धडा त्याच युद्धानं दिला.

तळ म्हणजे प्रयोगशाळा

पल्ला वाढवायचा तर इंजिन, पंख, इंधन या सगळ्यांवर संशोधन हवं. १९२०च्या आणि १९३०च्या दशकांत इटलीतले काही तळ याच कामासाठी उभे राहिले.

उत्तरेकडे गार्दा सरोवराच्या काठी देझेनझानो इथं वेगाचा अभ्यास करणारं पथक होतं. त्याची विमानं पाण्यावरून उडणारी होती. वेगासाठी पाण्यावरचं विमान? चाकांच्या जागी मोठाले तरंगक लावले की हवेचा रोध वाढणारच. मग असं का? उत्तर उत्थापक बलाच्या सूत्रात आहे. हे बल पंखाच्या क्षेत्रफळाच्या आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतं. वेगानं उडताना लहान पंख पुरतो आणि त्याचा रोधही कमी असतो. पण लहान पंखाचं विमान जमीन सोडताना फार जोरात धावावं लागतं, आणि त्या काळच्या गवताळ मैदानांवर तेवढी लांब धाव मिळत नव्हती. सरोवरावर मात्र काही किलोमीटरची सपाट धावपट्टी आयतीच मिळत होती. २३ ऑक्टोबर १९३४ रोजी फ्रांचेस्को आजेल्लो यानं इथं माक्की एम.सी.७२ हे विमान ताशी ७०९ किलोमीटर वेगानं उडवलं. त्यात दोन इंजिनं एकामागे एक जोडलेली होती आणि एकमेकांच्या उलट दिशेनं फिरणारे दोन पंखे होते. पिस्टन इंजिनाच्या पाण्यावरून उडणाऱ्या विमानांत हा विक्रम आजही मोडलेला नाही.

दुसरं केंद्र रोमजवळच्या ग्विदोनियाचं. हवाईछत्रीची चाचणी घेताना १९२८मध्ये मरण पावलेल्या आलेस्सांद्रो ग्विदोनी या अधिकाऱ्याचं नाव या गावाला दिलेलं आहे. इथं निरनिराळे विंड टनेल होते. विमानाची छोटी प्रतिकृती बोगद्यात स्थिर ठेवायची, तिच्यावर जोराचा वारा सोडायचा आणि तिच्यावर पडणारी बलं मोजायची, ही विंड टनेलची रीत. इथला एक बोगदा तर ध्वनीपेक्षाही जास्त वेगाचा वारा देणारा होता. याच तळावरून २२ ऑक्टोबर १९३८ रोजी मारिओ पेत्सी दोन पंखी विमानातून १७,०८३ मीटर उंचीवर पोचला. तिथं हवेचा दाब समुद्रसपाटीच्या अकराव्या हिश्श्याइतकाच असतो. त्यासाठी त्यानं पाणबुड्यासारखं हवाबंद शिरस्त्राण आणि विजेनं गरम होणारा खास पोशाख घातला होता.

या काळातली एक घटना आवर्जून सांगावीशी वाटते. १९३५च्या ३० सप्टेंबरपासून रोममध्ये 'विमानोड्डाणातील उच्च वेग' या विषयावर व्होल्टा परिषद भरली होती. जगभरचे नावाजलेले शास्त्रज्ञ आले होते. जर्मनीच्या आडोल्फ बुझेमाननं तिथं एक कल्पना मांडली. पंख सरळ न ठेवता मागं झुकवले तर वाऱ्याच्या वेगाचा पंखाच्या कडेला लंब असणारा घटक कमी होतो, आणि ध्वनीच्या वेगाजवळ वाढणारा रोध उशिरा जाणवतो. आजच्या जेट विमानांचे मागं झुकलेले पंख याच कल्पनेतून आले. पण परिषद चालू असतानाच, ३ ऑक्टोबरला, इटलीच्या सैन्यानं इथिओपियावर आक्रमण केलं. पुढच्या काही महिन्यांत इटालियन विमानांनी तिथल्या लोकांवर मस्टर्ड वायूचाही वापर केला. एका सभागृहात वाऱ्याच्या वेगाचे घटक मांडले जात होते आणि त्याच शहरातून दुसऱ्या देशावर चढाईचे हुकूम सुटत होते. विज्ञानाचा इतिहास शिकवताना यातली एकच बाजू सांगितली तर तो अर्धाच राहतो.

ध्वनीहून वेगवान वाऱ्याच्या बोगद्यावर काम करणारा आंतोनिओ फेर्री हा तरुण शास्त्रज्ञ १९४३ सालच्या शस्त्रसंधीनंतर आपले महत्त्वाचे कागद घेऊन जर्मनांच्या हातून निसटला, त्यांच्याविरुद्ध गनिमी लढ्यात उतरला आणि १९४४मध्ये अमेरिकेत जाऊन पुन्हा संशोधनाला लागला.

फोजाचं मैदान

आता कर्कटक हातात घ्या. इटलीच्या बुटाला टाचेच्या वर घोडेस्वाराच्या टाचेवरच्या आरीसारखा एक उंचवटा आहे. त्याच्या लगत फोजा हे शहर आणि त्याच्याभोवती तावोलिएरे नावाचं सपाट मैदान आहे. डोंगराळ इटलीत पो नदीच्या खोऱ्यानंतरचं हे सर्वांत मोठं मैदान. ब्रिटिशांच्या आठव्या सेनेनं सप्टेंबर १९४३च्या अखेरीस ते ताब्यात घेतलं.

दोस्तांना हे मैदान इतकं का हवं होतं? जर्मनीच्या युद्धयंत्राला लागणाऱ्या तेलाचा मोठा हिस्सा रुमानियातल्या प्लोएश्टीच्या कारखान्यांतून येत होता. लंडनहून प्लोएश्टी दोन हजार किलोमीटरच्याही पलीकडे. त्यामुळे १ ऑगस्ट १९४३ रोजी अमेरिकी विमानं लिबियातल्या बेनगाझीजवळच्या तळांवरून निघाली होती. तिथून सरळ रेषेत अंतर दीड हजार किलोमीटर. तेवढं जाऊन परत येण्यासाठी बाँबच्या कप्प्यात जादा इंधनाच्या टाक्या बसवाव्या लागल्या. सोबत रक्षणाला लढाऊ विमानं नव्हती, कारण त्यांचा पल्ला तेवढा नव्हता. पावणेदोनशेच्या वर विमानं गेली, त्यांतली पन्नासहून अधिक नष्ट झाली.

फोजा ते प्लोएश्टी हे अंतर साडेनऊशे किलोमीटरच्या आत आहे. त्रिज्येतले साडेपाचशे-सहाशे किलोमीटर वाचले की जाऊन-येऊन अकराशे-बाराशे किलोमीटरचं इंधन वाचतं. त्या वजनाइतके बाँब जास्त नेता येतात, आणि लढाऊ विमानंही सोबतीला येऊ शकतात. याच मैदानावरून व्हिएन्ना सुमारे ७५० आणि म्युनिक सुमारे ८०० किलोमीटर. लंडनहून व्हिएन्ना गाठायला मात्र बाराशेच्या वर किलोमीटर जावं लागे. एप्रिल ते ऑगस्ट १९४४ या काळात इटलीतून प्लोएश्टीवर पुन्हा पुन्हा हल्ले झाले, आणि ऑगस्टअखेर ते रशियन सैन्याच्या हाती गेलं.

भूगोलानं जागा दिली, पण चिखलही दिला. हिवाळ्याच्या पावसात मैदानाची माती विमानांच्या ओझ्याखाली रुतू लागली. त्यावर उपाय होता भोकं पाडलेल्या पोलादी पत्र्यांचा. सुमारे तीन मीटर लांब, अडतीस सेंटिमीटर रुंद, तीस किलो वजनाचा पत्रा, कडेला एकमेकांत अडकवायच्या आकड्या. भोकांमुळे वजन घटतं आणि पाणी निथळून जातं. मुलांना एक हिशेब घालून पाहा. दीड हजार मीटर लांब आणि पंचेचाळीस मीटर रुंद धावपट्टीला असे किती पत्रे लागतील? उत्तर अठ्ठावन्न हजारांच्या आसपास येतं. वजन साडेसतराशे टन. एका धावपट्टीसाठी एवढं, आणि अशी मैदानं फोजाच्या आसपास दोन डझनांच्या घरात होती. हवाई युद्ध हवेत दिसतं, पण त्याचं निम्मं ओझं बंदरांवर, मालगाड्यांवर आणि फावड्यांवर असतं.

आणखी एक ओझं होतं. ते फोजाच्या लोकांनी वाहिलं. शहर ताब्यात येण्यापूर्वी, १९४३च्या उन्हाळ्यात, तिथलं रेल्वे जंक्शन आणि विमानतळ निकामी करण्यासाठी दोस्तांनीच त्याच्यावर वारंवार बाँबहल्ले केले. हजारो नागरिक मेले. ज्या गुणांमुळे एखादी जागा एका बाजूला मोलाची वाटते, त्याच गुणांमुळे दुसरी बाजू तिच्यावर नेम धरते.

सेनिओच्या काठी मराठे

या मैदानांचा आपल्याशी एक थेट संबंध आहे. इटलीच्या लढाईत हिंदी सैन्याच्या तीन डिव्हिजन होत्या, आणि त्यांत मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पलटणी होत्या. जुलै १९४४मध्ये तायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे यांना वीरमरण आलं. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

९ एप्रिल १९४५ रोजी उत्तर इटलीतल्या सेनिओ नदीवर शेवटची मोठी चढाई सुरू झाली. जर्मन सैन्य नदीच्या उंच बांधांत खंदक करून बसलं होतं. दुपारी आठशेहून अधिक अवजड बाँबफेकी विमानांनी नदीपलीकडच्या पट्ट्यावर मारा केला. फोजाच्या मैदानावरून सेनिओ सुमारे साडेचारशे किलोमीटर, म्हणजे या विमानांच्या दृष्टीनं अंगणातच. संध्याकाळी आठव्या हिंदी डिव्हिजनचे जवान पाण्यात उतरले. त्यांत पहिल्या मराठा पलटणीचे शिपाई नामदेव जाधव होते. जखमी सोबत्याला त्यांनी खोल पाण्यातून, उभ्या बांधावरून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून सुरक्षित जागी आणलं, परत जाऊन दुसऱ्यालाही आणलं, आणि मग एकट्यानं शत्रूच्या मशीनगनच्या ठाण्यांवर चाल केली. त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आठशे विमानांच्या माऱ्यानंतरही काही मशीनगन शिल्लक होत्या, हेही या हकिगतीतून कळतं. हजारो मीटरवरून टाकलेला बाँब बांधातल्या एका खड्ड्यापर्यंत पोचेलच असं नाही. तिथं शेवटी माणसालाच जावं लागलं.

जमीन कुणाची, हुकूम कुणाचा?

युद्ध संपलं तरी वर्तुळं पुसली गेली नाहीत. १९४९मध्ये इटली नाटोत गेली, १९५४च्या करारानंतर अमेरिकी दलांनी तिथले तळ वापरायला सुरुवात केली. आता वर्तुळाचा केंद्रबिंदू एका देशात आणि त्याच्यावरची विमानं दुसऱ्या देशाची, अशी स्थिती आली. यातून उठणारे प्रश्न दोन घटनांत उघड झाले.

पहिली घटना सिसिलीतल्या सिगोनेल्ला तळावरची. ऑक्टोबर १९८५मध्ये आकिले लाउरो या इटालियन प्रवासी जहाजाचं अपहरण झालं आणि एका अमेरिकी प्रवाशाची हत्या झाली. अपहरणकर्ते इजिप्तच्या विमानातून जात असताना अमेरिकी लढाऊ विमानांनी ते अडवलं आणि १०-११ ऑक्टोबरच्या रात्री सिगोनेल्लाला उतरवलं. त्यांना ताब्यात घ्यायला आलेल्या अमेरिकी कमांडोंनी विमानाला वेढा घातला. पण इटालियन जवान आधीच विमानाभोवती उभे होते, आणि काराबिनिएरी पोलिसांची कुमक आल्यावर कमांडोच मध्ये सापडले. दोन मित्रदेशांचे सैनिक बंदुका रोखून समोरासमोर! जहाज इटलीचं, जमीन इटलीची, म्हणून खटलाही इटलीतच चालेल, या भूमिकेवर पंतप्रधान बेत्तिनो क्राक्सी ठाम राहिले. अखेर अमेरिकी सैनिक मागं हटले. अपहरणकर्त्यांवर इटलीत खटला चालून त्यांना शिक्षा झाल्या, मात्र त्यांच्यासोबतचा अबू अब्बास हा नेता इटलीतून निघून गेला.

दुसरी घटना आल्प्सच्या पायथ्याच्या आव्हियानो तळाशी जोडलेली. इथं १९११पासून विमानं उडत आहेत. बाल्कन देश इथून जवळ असल्यानं १९९०च्या दशकात बोस्निया आणि कोसोव्होवरच्या नाटोच्या मोहिमांत हा तळ फार महत्त्वाचा ठरला. ३ फेब्रुवारी १९९८ रोजी इथून सरावाला निघालेलं एक अमेरिकी लष्करी विमान काव्हालेझे गावाजवळच्या दरीतून ठरवून दिलेल्या उंचीपेक्षा कितीतरी खालून गेलं. त्याच्या पंखानं आकाशपाळण्याचा दोर तुटला. पाळण्यातली वीसही माणसं मेली. नाटोच्या करारानुसार खटला इटलीत न चालता अमेरिकेच्या लष्करी न्यायालयात चालला, आणि १९९९मध्ये वैमानिक मनुष्यवधाच्या आरोपातून सुटला. उड्डाणाची चित्रफीत नष्ट केल्याबद्दल मात्र पुढं शिक्षा झाली. सिगोनेल्लाला इटलीचा अधिकार चालला, काव्हालेझेच्या मृतांच्या बाबतीत चालला नाही.

तळ तोच, काम निराळं

सिसिलीच्या दक्षिण टोकाजवळचं कोमिझो पाहा. माल्टा बेट इथून फक्त सव्वाशे किलोमीटरवर, म्हणजे त्या काळच्या बाँबफेकी विमानाला वीस-पंचवीस मिनिटांचं अंतर. दुसऱ्या महायुद्धात माल्टावर मारा करणाऱ्या तळांपैकी हा एक होता. पुढं तो ओस पडला. १९८१मध्ये तिथं अण्वस्त्रं वाहणारी ११२ क्रूझ क्षेपणास्त्रं ठेवायचं ठरलं. त्यांचा पल्ला सुमारे अडीच हजार किलोमीटर. माल्टासाठी काढलेल्या वर्तुळाच्या वीसपट त्रिज्या, म्हणजे चारशेपट क्षेत्रफळ! सिसिलीतल्या लोकांनी मोर्चे काढले, सह्या गोळा केल्या. त्यात पुढाकार घेणारे खासदार पिओ ला तोर्रे यांचा ३० एप्रिल १९८२ रोजी माफियांनी खून केला. क्षेपणास्त्रं आलीच. पण डिसेंबर १९८७मध्ये अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला आणि १९९१पर्यंत ती काढून नेली गेली. १९९९मध्ये कोसोव्होतून आलेल्या हजारो निर्वासितांना याच तळावरच्या घरांत आसरा मिळाला. २०१३मध्ये तिथं नागरी विमानतळ सुरू झाला. त्याला पिओ ला तोर्रे यांचं नाव आहे.

टाचेवरच्या ब्रिंडिसीची कथाही अशीच. पहिल्या महायुद्धात तिथं पाण्यावरून उडणाऱ्या विमानांचा तळ होता. ऑगस्ट १९४४मध्ये वॉर्साच्या लोकांनी जर्मनांविरुद्ध उठाव केला तेव्हा तेराशे किलोमीटरवरच्या त्या शहरावर शस्त्रं आणि अन्न टाकायला इथून विमानं गेली. १९९४पासून संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनांना लागणारी सामग्री इथं साठवली जाऊ लागली, आणि २०००पासून भूकंप-दुष्काळाच्या वेळी तंबू, औषधं, अन्न पाठवण्याचं केंद्रही इथं आलं. आफ्रिका, पश्चिम आशिया आणि बाल्कन हे सगळे टप्प्यात येतात, हे कारण तेव्हाही तेच होतं.

हवाई दलाचं आणखी एक काम आपल्या विषयाच्या जवळचं आहे. उड्डाणाला हवामानाचा अंदाज लागतो, म्हणून इटलीत हवामानखातं हवाई दलाकडेच वाढलं. हवाई दलाचं २,१६५ मीटर उंचीच्या मोंते चिमोने शिखरावर निरीक्षण केंद्र आहे. तिथं १९७९पासून हवेतल्या कार्बन डाय-ऑक्साइडचं प्रमाण सातत्यानं मोजलं जात आहे. युरोपातल्या सर्वांत जुन्या अशा नोंदींमध्ये तिची गणना होते. लढायला निघालेल्या दलानं ठेवलेली ही नोंद आज साऱ्या जगाच्या उपयोगाची आहे.

वर्गात करून पाहा

पृथ्वीगोल असेल तर दोऱ्यानं, नसेल तर नकाशाचं प्रमाण पाहून कर्कटकानं, फोजाभोवती ७५० आणि ९५० किलोमीटरची, कोमिझोभोवती १२५ आणि २,५०० किलोमीटरची वर्तुळं मुलांना काढू द्या. सपाट नकाशावर मोठी वर्तुळं थोडी फसवतात. गोलावरच्या दोऱ्याशी ताडून पाहिलं की तेही लक्षात येईल. मग विचारा, वर्तुळात कोणकोणती शहरं येतात? तिथं विमानातून काय काय नेता येईल?

त्यानंतर एक प्रश्न मध्यबिंदूबद्दल विचारा. कर्कटकाचं टोक जिथं टेकतं तिथं एक गाव असतं. कोमिझोच्या लोकांनी विचारलं होतं की आमच्या गावावर हे टोक कुणी आणि कुणाला विचारून टेकवलं. त्रिज्या किती हे गणित सांगतं. वर्तुळाच्या मध्यातून बाहेर काय पाठवायचं, हे मात्र प्रत्येक वेळी माणसांनी ठरवलेलं आहे, आणि तेही कधी गावाला विचारून, कधी न विचारता. या प्रश्नाचं उत्तर मुलं काय देतात ते जरूर ऐका.